विणकाम शिकताय आणि जुन्या सुया जमवताय? ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

दिवाळी उरकली आणि सकाळी अंगणात पाय गार पडायला लागले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मुरारमधे, कंपूकडे कुणी ना कुणी सुया हातात घेतंच, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. नवीन शिकणाऱ्यांचे वेगळे, घरात जुन्या सुयांचा डबा सापडलेल्यांचे वेगळे, पण बरेचदा माणूस एकच असतो म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहिलंय.

मला काहीच येत नाही. आधी शिकू की आधी सुया जमवू?

शिकायला लागा, सुया आपोआप जमतात. खरं सांगायचं तर ज्याला चार ओळी विणता येतात त्यालाच जुनी सुई हातात घेतल्यावर कळतं की ही चांगली आहे का नाही, टोक कसंय, लोकर सरकते का अडकते, वजन किती. नुसत्या दिसायला छान म्हणून घेतलेल्या सुया डब्यातच राहतात. आणि शिकायला घरातल्या जुन्या सुया चालतात का असं विचाराल तर हो, मस्त चालतात, फक्त खाली लिहिलेलं मापाचं तेवढं नीट वाचा कारण सगळा घोळ तिथेच होतो.

शिकायला कोणत्या नंबरची सुई आणि कोणती लोकर घेऊ?

८ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटर, आणि मध्यम जाडीची लोकर, डबल निटिंग म्हणून मिळते ती. रंग फिका घ्या, आकाशी, पिस्ता, फिका गुलाबी काहीही, पण काळा, गडद निळा, मरून नको, कारण गडद रंगात टाके दिसतच नाहीत आणि संध्याकाळी दिव्याखाली तर अजिबात नाही. फुग्याफुग्यांची, केसाळ लोकर पण नको. आपल्याकडे दुकानात बहुतेक माल लुधियानाचा असतो, त्यात ॲक्रेलिक जास्त, आणि शिकायला ॲक्रेलिक काही वाईट नाही, दहा वेळा उसवलं तरी टिकतं. लेबलावर एक लॉट नंबर असतो तो बघून सगळे गोळे एकाच लॉटचे घ्या, नाहीतर अर्ध्यावर रंगात फरक पडतो आणि तो फरक दुकानात दिसत नाही, अंगणात उन्हात नेलं की लगेच दिसतो.

पहिल्यांदा काय विणू?

मफलर. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे विणकामातला पहिला, साधा टाका असतो त्याच्या. ८ नंबरच्या सुयांवर ४० टाके घातले की साधारण १८-२० सेंटीमीटर रुंदी येते, दीड मीटर लांब करा, बस. स्वेटरची घाई करू नका, बाळाचे मोजे तर मुळीच नको, दिसतात एवढेसे पण त्यात टाके कमी करणं, टाच वळवणं हे सगळं येतं.

माझे टाके वाढत जातात, ४० चे ४७ होतात, असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याची कारणं बहुतेक वेळा दोनच. पहिलं म्हणजे ओळ संपवून सुई फिरवल्यावर धागा चुकून सुईच्या वरून मागे ओढला जातो, मग पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एका टाक्याचे दोन दिसतात, तुम्ही दोन्ही विणता, एक टाका वाढला. नवीन ओळ सुरू करताना धागा आधी खाली, सुईच्या पुढच्या बाजूला घ्या, पहिला टाका नीट एकटा दिसला पाहिजे, मग धागा सुईच्या खालून मागे न्या आणि विणा. दुसरं कारण म्हणजे ओळीच्या मधेच धागा पुढे राहिलेला असतो आणि तुम्ही सुलट टाका विणता, तेव्हा सुईवर एक फालतू वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. याची खूण म्हणजे तिथे भोक दिसतं. काठाला वाढलं तर पहिलं कारण, मधे भोक पडून वाढलं तर दुसरं. सुरुवातीला प्रत्येक ओळ झाली की मोजा, कंटाळा येतो पण आठवड्याभरात मोजायची गरज उरत नाही.

टाका गळला तर सगळं उसवायचं?

नाही नाही. क्रोशाची सुई घ्या, गळलेल्या टाक्यात घाला, त्याच्या वर शिडीसारखे आडवे धागे दिसतात ते खालून वर एकेक ओढून घ्या आणि टाका परत सुईवर चढवा. सगळ्या ओळी सुलट असतील तर एक पायरी पुढून, एक मागून अशी घ्यावी लागते, हे दोनदा केलं की हाताला कळतं. तोवर त्या टाक्याला एक सेफ्टी पिन लावून ठेवा म्हणजे आणखी खाली जाणार नाही.

घरातल्या मोठ्या बायका सुई काखेत धरून विणतात, तसंच शिकायचं का?

जमत असेल तर जरूर. जुन्या सुया १२ आणि १४ इंच लांब असतात त्याचं एक कारण हेच, उजवी सुई काखेत दाबली की ती हलत नाही आणि उजवा हात फक्त धागा फिरवायला मोकळा राहतो, म्हणून त्यांचा वेग इतका असतो की बघत राहावं. एकदा शेजारी बसून नीट बघा, सुईचं टोक जेमतेम हलतं, सगळं काम उजव्या हाताचं पहिलं बोट करतं, धागा पुढे येतो मागे जातो आणि टाका होऊन गेलेला असतो. कुणी धागा डाव्या हातात धरतात, तेही बरोबर आहे. घरात आजी, आत्या, काकू जी कुणी विणते तिची पद्धत उचला, कारण अडल्यावर तीच सोडवून देणार आहे आणि तिला तिच्याच पद्धतीनं दाखवता येतं. डावखुऱ्यांनी पण आधी नेहमीच्या पद्धतीनंच करून बघावं, विणकामात दोन्ही हातांना काम असतं.

आमच्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात पन्नासेक जुन्या सुया निघाल्या. मराठी घरात एवढ्या सुया कशा?

कारण आपण ग्वाल्हेरला राहतो! दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ टाकला, त्याचं लष्कर झालं, आणि त्यांच्याबरोबर नि त्यांच्यानंतर जी मराठी घरं इथे आली त्यांना कोकणात किंवा देशावर कधी लागली नसती अशी थंडी इथे लागली, जानेवारीत रात्री पारा ५ अंशाच्या खाली जातो तेव्हा शालीनं भागत नाही. त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांकडे क्वचित दिसेल ते आपल्याकडे घरोघर असतं. शिवाय १९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या होत्या, तेव्हा ज्या घरात नव्हत्या त्या घरातही सुया आल्या. तुमच्या डब्यात खूप बारीक, दोन्हीकडे टोक असलेल्या पोलादी सुया चार-पाच एकत्र बांधलेल्या असतील तर त्या मोज्यांच्या किंवा हातमोज्यांच्या आहेत, त्या सुट्या करू नका. अशा सुया बरेचदा हत्यारांच्या पेटीत सळ्या म्हणून पडलेल्या असतात नाहीतर कुंडीत रोपाला आधार म्हणून खोचलेल्या असतात, तिथेही एकदा बघून घ्या.

सुईवर ८ लिहिलंय, पण दुसऱ्या ८ नंबरच्या सुईपेक्षा ही जाड आहे. खोटी आहे का?

खोटी नाही, दुसऱ्या देशाची आहे. हा मुद्दा नीट समजून घ्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १२ म्हणजे २.७५, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५, ३ म्हणजे ६.५, १ म्हणजे ७.५, आणि पुढे शून्य, दोन शून्य, तीन शून्य अशा जाड होत जातात, तीन शून्य म्हणजे पूर्ण १० मिलिमीटर. अमेरिकेची पद्धत बरोब्बर उलटी, तिथे नंबर वाढला की सुई जाड, त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि त्यांची १० म्हणजे ६. नातेवाईक अमेरिकेत आहेत आणि तिकडून सुया आल्यात असं आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे डब्यात दोन्ही मिसळलेल्या असतात. आणि मग कुणीतरी १० नंबर म्हणून ६ मिलिमीटरच्या सुईवर स्वेटर सुरू करतं आणि तो स्वेटर न होता मच्छरदाणी होते.

म्हणून माझं ठाम मत आहे की नंबरावर विश्वास ठेवायचाच नाही, मिलिमीटर मोजायचे. भोकांची मापपट्टी मिळते तिच्यात सुई घालून बघायची, जी सुई ज्या भोकातून अडकता-अडकता जाते ते तिचं माप. मापपट्टी नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर कॅलिपर मिळतो त्यानं मोजा, टोकाजवळ नाही, मधे मोजा. मग प्रत्येक जोडीला दोरा बांधून कागदाची चिठ्ठी लावा. एक दुपार जाते पण पुढची सगळी वर्षं सुखाची.

पण एवढ्या अर्ध्या मिलिमीटरनं काय फरक पडतो?

खूप पडतो. समजा तुमच्या विणीत १० सेंटीमीटरला २२ टाके बसायला हवेत आणि सुई जरा जाड निघाल्यामुळे २० च बसतायत. स्वेटरचा घेर १०० सेंटीमीटर हवा म्हणून तुम्ही २२० टाके धरले तर तो होईल ११० सेंटीमीटर, म्हणजे नवऱ्यासाठी विणलेला स्वेटर जेठांना होणार. आधी एक तळहातापेक्षा मोठा चौकोन विणून, धुऊन, वाळवून, मग मोजायचं. आपल्याकडच्या हिंदी विणकाम मासिकांमधे बहुतेक वेळा बॉर्डर १२ नंबरनं आणि अंग १० नंबरनं असं असतं, ते ब्रिटिश नंबर समजायचे.

जुन्या सुया कशाच्या असतात आणि ओळखायच्या कशा?

पोलाद, ॲल्युमिनियम, लाकूड, बांबू, हाड, आणि दोन-तीन प्रकारचं जुनं प्लास्टिक. सगळ्यात जास्त सापडतात त्या राखाडी रंगाच्या ॲल्युमिनियमच्या, हलक्या, मागच्या टोपीवर नंबर उमटवलेला. त्यात इंग्लंडच्या एरो नावाच्या सुया फार चांगल्या, त्या रेडिच गावच्या एबल मॉरल कंपनीच्या. हे रेडिच म्हणजे सुयांचंच गाव, मिलवर्ड ही सुयांची कंपनी पण तिथलीच, आणि तिथे फोर्ज मिल नावाचं सुयांचं म्युझियम आहे. आपल्याकडे निलगिरीत केट्टीला नीडल इंडस्ट्रीजची कंपनी १९४९ मधे निघाली, त्यामुळे डब्यातलं सगळंच विलायती असतं असंही नाही.

हाडाची सुई पांढरट-पिवळी असते, वजनाला जाणवते, आणि भिंगातून बघितलं तर लांबीच्या बाजूनं बारीक काळपट रेघा आणि टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हे ठिपके दिसले की निर्धास्त व्हा, हाड आहे. ठिपके अजिबात नाहीत, गुळगुळीत आहे आणि मागच्या कापलेल्या भागावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसते तर मग ते हस्तिदंत असू शकतं.

जुनं प्लास्टिक अंगठ्यानं जोरात चोळून गरम करा आणि वास घ्या. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, बनवताना त्यात कापूर असतोच. दुधापासून बनवलेलं केसीन पण असतं, ते घट्ट, चकचकीत, बटणांसारखं दिसतं, कारण बटणं पण त्याचीच व्हायची. एक गोष्ट हात जोडून सांगते, तापवलेली टाचणी टोचून बघायचा जो प्रकार लोक सांगतात तो करू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची सुई विकत मिळतेय, घेऊ का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या वस्तूंचा व्यापार गुन्हा आहे, जुनी आहे, आजीची आहे असं विकणारा म्हणाला तरी. घ्यायची पण नाही आणि विकायची पण नाही. घरात आधीपासून असेल तर वकिलाला किंवा वनविभागाला विचारा.

डब्यातल्या सुया साफ कशा करू? चिंचेनं घासल्या तर चालेल?

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यातलं काहीही नको. ॲल्युमिनियमचा राखाडी थर आंबटानं जातो आणि तो थर गेला की पांढऱ्या लोकरीवर काळे डाग येतात, बाळाच्या टोपीवर ते फार वाईट दिसतात. ॲल्युमिनियमला कोमट पाणी, थोडा साधा साबण, लगेच कोरडं पुसायचं. पोलादी सुई गंजली असेल तर अगदी बारीक स्टील वूलनं लांबीच्या दिशेनं घासा, आडवं नाही, मग मेणकागदानं पुसा. हाडाला, लाकडाला आणि केसीनला पाण्यात बुडवायचं नाही, केसीन पाणी पिऊन फुगतं आणि तडकतं. नुसतं जरा ओलसर फडकं, मग कोरडं, लाकडाला वाटलं तर थोडं मेण.

वाकलेली ॲल्युमिनियमची सुई सरळ होते. सपाट टेबलावर ठेवून तळहातानं हळूहळू लाटत राहायची, जिथे उचललेली दिसते तिथे अंगठ्यानं दाबायचं. एकदम झटका द्याल तर मोडेल. जुन्या गोल सुयांची, म्हणजे दोन टोकं दोरीनं जोडलेली असतात त्यांची, प्लास्टिकची दोरी वळून बसली असेल तर दोरीपुरती गरम पाण्यात मिनिटभर धरा, मऊ पडते.

ठेवायच्या कुठे? आमच्याकडे माळ्यावर जागा आहे.

माळा नको! ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ४५ अंश बाहेर असतात आणि माळ्यावर त्याहून जास्त, हाडाला बारीक तडे जातात आणि सेल्युलॉइडसाठी तर तो उन्हाळा घातकच. सेल्युलॉइडच्या सुया बाकीच्यांपासून वेगळ्या, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत, घट्ट झाकणाच्या डब्यात नाही, कारण त्यातून जी वाफ निघते ती कोंडली की सुया आणखी लवकर खराब होतात आणि शेजारच्या धातूला पण गंज चढतो. चिकट झालेली, आंबट वास येणारी, भेगा पडलेली सुई दिसली तर ती लगेच बाजूला काढा. डांबराच्या गोळ्या लोकरीत ठेवतो त्या प्लास्टिकच्या सुयांजवळ नकोत. बाकी सगळ्यांना जुन्या सुती साडीची, कप्पे शिवलेली गुंडाळी सगळ्यात उत्तम, आणि ती गुंडाळी खोलीतल्या कपाटात.

जुन्या सुया कुठे मिळतील?

आधी नात्यातल्या घरांत विचारा, खरंच. हात थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही म्हणून विणणं सुटलेल्या कितीतरी आज्या, मावश्या आहेत आणि त्यांच्या सुया कपाटात पडून आहेत, कुणी विचारतच नाही. विचारताना नुसत्या सुया मागू नका, तासभर बसा, त्यांची एखादी वीण शिकून घ्या, तेवढ्यासाठी त्या वाट बघत असतात. आणि सुया मिळाल्या तर कुणाच्या होत्या, त्यावर काय काय विणलं ते चिठ्ठीवर लिहून त्याच जोडीबरोबर ठेवा. घर बदलताना नाहीतर जुना वाडा पाडताना बरंच सामान कबाड्याकडे जातं, तेव्हा ओळखीच्या कबाड्याला सांगून ठेवायचं की लोखंडात टाकू नको, आधी मला दाखव. महाराज बाड्याच्या चौकाच्या आसपास जुनी लोकरीची दुकानं आहेत, तिथे मागच्या खणात कधीकधी न विकलेली जुनी पाकिटं असतात, पण हे सीझनच्या आधी, श्रावण-भाद्रपदात विचारा, दिवाळीनंतर दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. मेळ्यात, म्हणजे १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या आपल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात, गरम कपडे आणि लोकर बघायला जरूर जा, जुन्या सुयांची आशा मात्र तिथे कमी.

कोणती जोडी किमती?

किमतीपेक्षा वापरता येते का ते बघा. दोन्ही सुया एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या, सरळ, टोक शाबूत, नंबर वाचता येतोय, आणि मूळ पाकीट असेल तर फारच छान, पाकीट फेकू नका फाटकं असलं तरी. घंटेच्या आकाराची जुनी धातूची मापपट्टी मिळाली तर सोडू नका.

विलायती जुनं पुस्तक सापडलंय, त्यावरून विणू का?

विणा, पण आधी ते ब्रिटिश का अमेरिकन ते बघा, लोकर पॅटन्स अँड बाल्डविन्सची सांगितली असेल आणि मापं इंचात असतील तर बहुधा ब्रिटिश, म्हणजे आपलेच नंबर. जुन्या पुस्तकांतली लोकर बरेचदा आत्ताच्यापेक्षा बारीक असते आणि स्वेटर अंगाला घट्ट धरलेले असतात, त्यामुळे नमुन्याचा चौकोन इथे दुप्पट गरजेचा.

शंभर वर्षं जुन्या सुईवर रोज विणलं तर ती खराब नाही होणार?

पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या सुयांवर खुशाल विणा, वापरल्यानं त्या गुळगुळीत राहतात. हाडाची सुई टोकाला कपचा उडालेली असेल तर लोकर अडकते, मग ती नुसती ठेवा, आणि चांगली असेल तर हलक्या कामाला घ्या, मफलर, शाल वगैरे, पाच किलोचं ब्लँकेट तिच्यावर लटकवू नका. सेल्युलॉइडवर विणू नये असं मला वाटतं.

जोडीतली एकच सुई उरलीय, तिचं काय करू?

टाकू नका. मिलिमीटर मोजून चिठ्ठी लावा आणि एकट्या सुयांची वेगळी पिशवी करा, तुमच्यासारखी एकटी सुई दुसऱ्या कुणाकडे असतेच आणि माप जुळलं तर लांबी थोडी वेगळी असली तरी जोडी चालते. तोवर बाहीचे टाके काढून ठेवायला ती उपयोगी पडते, एका टोकाला रबर बँड गुंडाळला की टाके सांडत नाहीत.